नागपूरहून पहिल्या हिमशिखराकडे: फ्रेंडशिप पीकची तयारी

आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर वसलंय. चढ म्हटला की आपल्याला रामटेकच्या गडाच्या पायऱ्या आठवतात, आणि नागपंचमीला पचमढीच्या नागद्वारला जाऊन आलेल्यांना तिथले डोंगर. म्हणून हिमालयातल्या शिखराचा विषय निघाला की घरच्यांचा आणि आपलाही पहिला प्रश्न असतो, "जमेल का?" असं विचारायला कुणी आलं की मी आधी त्याला सुटी किती दिवसांची आहे ते विचारते. आठ दिवसांची रजा मिळतेय म्हटलं, तर यंदा ट्रेक कर आणि शिखर पुढच्या वर्षी, असं सरळ सांगते. पंधरा दिवस असतील तर वही-पेन घेऊन बसते. खाली जे लिहिलंय ते सगळं या पंधरा दिवसांच्या हिशेबाने आहे.

उदाहरण म्हणून मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक घेतलंय. पीर पंजाल रांगेतलं हे शिखर ५,२८९ मीटर उंच आहे. सोलंगच्या खोऱ्यातून चालायला सुरुवात होते, त्यामुळे पायथा गाठण्यातच आठवडा जात नाही. तरीही बर्फाचे बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते), आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड), हार्नेस (दोर अडकवायचा कंबरपट्टा), दोर हे सगळं इथे खरोखर वापरावं लागतं. नवशिक्यांचं शिखर म्हणून त्याची जाहिरात होते. गिर्यारोहण नवं असेल तर हरकत नाही. पण डोंगरात आठ-दहा दिवस राहणंच नवं असेल, तर थोडं थांबा.

आधी एक ट्रेक

शिखराच्या आदल्या वर्षी ४,००० मीटरच्या वर नेणारा एक ट्रेक करून या. मनालीकडचाच हम्प्टा पास, सुमारे ४,२७० मीटर, त्यासाठी चांगला आहे. तंबूत झोप लागते का, उंचीवर जेवण जातं का, तिसऱ्या दिवशी डोकं किती दुखतं, पावसाने मोजे भिजल्यावर मनाचं काय होतं, हे स्वतःबद्दल तिथेच कळतं. रोज रात्री वहीत चार ओळी लिहा. पुढे डॉक्टर आणि गाइड दोघेही तुम्हाला हेच विचारणार आहेत.

आणि वय पंचविशीच्या आत असेल, महिनाभर मोकळा काढता येत असेल, तर मी आणखी एक सुचवीन. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट, दार्जिलिंगची हिमालयन इन्स्टिट्यूट किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था यांपैकी कुठेतरी बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स करा. साधारण चार आठवडे लागतात. दोर, गाठी, बर्फावर घसरल्यावर स्वतःला थांबवणं, हे सगळं तिथे रोज घोटून घेतात. पर्यटक म्हणून शिखरावर जाताना ते एका दिवसात उरकावं लागतं.

पंधरा दिवस कुठे जातात

तेलंगणा, केरळ, तामिळनाडू, ग्रँड ट्रंक अशा बऱ्याच गाड्या नागपूरवरून दिल्लीला जातात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. मे-जूनच्या सुट्टीत वेटिंग लगेच लागतं, तेव्हा ती तारीख आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. दिल्लीहून मनालीला रात्रभराची बस. म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मनालीत, सुमारे २,०५० मीटरवर. तो दिवस पूर्ण विश्रांतीचा. चौथ्या दिवशी धुंडीच्या आसपास मुक्काम, २,८०० मीटरच्या जवळपास. पाचव्या दिवशी बकरथाच, सुमारे ३,३०० मीटर. सहाव्या दिवशी तिथेच राहायचं, दुपारपर्यंत वर चढून यायचं आणि खाली येऊन झोपायचं. सातव्या दिवशी लेडी लेग नावाचा कॅम्प, ३,८०० मीटरच्या आसपास. आठवा दिवस बर्फावरच्या सरावाचा, नववा आरामाचा. त्याच रात्री निघून दहाव्या दिवशी शिखर. अकरावा दिवस राखीव, हवामान बिघडलं तर वापरायचा. बाराव्याला मनाली, तेराव्याला दिल्ली, चौदाव्याला नागपूर. एक दिवस शिल्लक राहतो तो दरड, चुकलेली बस किंवा उशिरा धावणारी गाडी यांच्यासाठी.

झोपण्याच्या उंचीचे आकडे पुन्हा बघा: २,८००, ३,३००, पुन्हा ३,३००, मग ३,८००. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीत झोपण्याची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर करावा, हा उंचीच्या वैद्यकातला नियम आहे. वरचा कार्यक्रम या नियमावर बेतलाय. बाजारात सहा-सात दिवसांचे कार्यक्रमही मिळतात आणि ते स्वस्त असतात. त्यात कापलेले दिवस नेमके हेच असतात, बकरथाचचा दुसरा मुक्काम आणि राखीव दिवस. मुंबई-पुण्याच्या माणसासारखेच आपणही सखल भागातले, त्यामुळे आपल्याला हे दिवस हवेतच.

हंगाम दोन. मे ते जूनचा मध्य, आणि पावसाळा सरल्यावर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य. पावसाळ्यात जाऊच नका. २०२३ च्या जुलैत बियासच्या पुराने मनालीचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी जूनचा पहिला पंधरवडा सुचवते. बर्फ पुरेसा असतो, बर्फातल्या खोल भेगा बऱ्याच झाकलेल्या असतात आणि क्रॅम्पॉन नीट रुततात. फक्त एक काळजी घ्या. निघायच्या सुमारास नागपुरात नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) असतो, पारा ४५ च्या आसपास असतो आणि निघण्याच्या धावपळीत आपण सुकलेल्या शरीराने गाडीत बसतो. निघायच्या आधीचे तीन दिवस उन्हातली कामं बंद करा, आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी मुद्दाम प्या.

कुणाबरोबर जायचं

संस्था निवडताना किंमत शेवटी विचारा. आधी विचारा की शिखराच्या दिवशी किती जणांमागे एक गाइड असेल. माझ्या मते तीन जणांमागे एक, याहून कमी चालत नाही. कारण सांगते. माझ्या पहिल्या मोहिमेत फोनवर दोन गाइड कबूल केले होते, मनालीत एकच आला आणि आम्ही सात जण होतो. पहाटे वरच्या उतारावर एका मुलीला उलट्या सुरू झाल्या. गाइड तिला घेऊन खाली निघाला, म्हणून आम्ही सगळेच फिरलो. त्याने घेतलेला निर्णय योग्यच होता. पण दुसरा गाइड असता तर बाकीच्यांचे सरावाचे चार महिने वाया गेले नसते. तेव्हापासून मी ही संख्या, गाइडचं नाव आणि त्याने कुठला कोर्स केलाय ते ईमेलवर लिहून घेते.

मग विचारा: ऑक्सिजनचा सिलिंडर कॅम्पवर असतो का? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाला आहे? कुणी आजारी पडला तर त्याला खाली आणायला वेगळा माणूस आहे का, आणि तो खर्च कोण करणार? राखीव दिवस किमतीत धरलाय की त्याचे वेगळे पैसे? शिखरासाठी लागणाऱ्या परवानग्यांची प्रत बघायला मिळेल का? भारतात शिखरांच्या मोहिमांचं काम दिल्लीची इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन बघते, त्यामुळे परवानग्यांचा विषय काढल्यावर समोरचा गोंधळला तर तिथेच थांबा. वर मोबाइलला रेंज नसते आणि सॅटेलाइट फोन आपल्या देशात परवानगीशिवाय वापरता येत नाही. तेव्हा कॅम्प आणि गाइड यांच्यात वॉकीटॉकी असते का, हेही विचारून घ्या.

विमा काढताना अटी स्वतः वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत दोर वापरून केलेलं गिर्यारोहण वगळलेलं असतं, किंवा उंचीची मर्यादा असते. ट्रेकिंग चालतं म्हणजे शिखर चालतं असं धरू नका.

रक्ताची तपासणी, आणि विदर्भाची एक खास गोष्ट

रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, ईसीजी या तपासण्या सगळेच सांगतात. आपल्या भागातल्या माणसाने त्यात सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, भर घालायलाच हवी. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. वाहक असलेल्या माणसाला घरी कसलाही त्रास नसतो, तो फुटबॉल खेळतो, धावतो, आणि आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसतं. पण उंचीवर प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो. डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र कळ येते. कॅम्पवर ती पोटदुखी समजली गेली तर वेळ हातची जाते. सोल्युबिलिटीची साधी चाचणी आधी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही नेमकं निदान करणारी चाचणी. सरकारी रुग्णालयांतही ही तपासणी होते. वाहक निघालात तर रक्तविकारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय पैसे भरू नका. ज्यांना सिकलसेलचा आजारच आहे त्यांनी एवढ्या उंचीवर जाऊ नये. मैदानी मुलखातल्या ट्रेकच्या सल्ल्यांत ही गोष्ट सापडत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिली.

उंचीचा त्रास टाळण्यासाठी डायमॉक्सची (अ‍ॅसिटाझोलामाइड) गोळी घ्यावी की नाही, हेही त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा.

सपाट शहरात डोंगराचा सराव

लेडी लेगपासून शिखर जवळजवळ दीड हजार मीटर वर आहे. पचमढीचा धूपगड समुद्रसपाटीपासून १,३५२ मीटर उंच. म्हणजे अख्ख्या धूपगडाहून जास्त चढ एका रात्रीत, विरळ हवेत, बर्फाच्या जड बुटांनी. हे डोळ्यांपुढे ठेवून सोळा आठवडे सराव करा.

नागपुरात आपला डोंगर म्हणजे जिना. दहा मजली इमारतीत एका फेरीत साधारण तीस मीटर चढ होतो, म्हणजे सतरा फेऱ्यांत पाचशे मीटर. सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी काढा आणि पहाटे पाचला सुरू करा, लोकांची ये-जा सुरू व्हायच्या आत आवरतं. पाठीवरच्या बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरा, पहिल्या महिन्यात पाच किलो, शेवटी बारा. सुरुवातीला वर गच्चीवर पाणी झाडांना घालून रिकाम्या बॅगेने उतरा, गुडघे वाचतात. शेवटचे पाच आठवडे मात्र ओझं घेऊनच उतरा, कारण शिखराहून परत येताना मांड्यांचीच परीक्षा असते. दहा किलो घेऊन पाचशे मीटर सव्वा तासात, दम लागून न थांबता, जमायला लागलं की तयारी योग्य दिशेने चाललीय.

आठवड्यातले दोन दिवस धावा. फुटाळ्याच्या काठाने किंवा सेमिनरी हिल्सच्या चढ-उतारावर, पाच किलोमीटरपासून दहापर्यंत न्या. वेगाची चिंता नको, दहा किलोमीटर सत्तर मिनिटांत झाले तरी पुरे. दोन दिवस मांड्या, पोटऱ्या आणि कंबरेचे व्यायाम. रविवारी रामटेक, पायऱ्यांनी चार-पाच वेळा वर-खाली. महिन्यातून एकदा छिंदवाड्यामार्गे पचमढी गाठा आणि लागोपाठ दोन दिवस चाला, एक दिवस चौरागड, दुसऱ्या दिवशी धूपगड. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जे सांगतात ते खरं.

आणखी एक सराव कुणी सांगत नाही. महिन्यातून एकदा रात्री एकला उठा, थोडं खा आणि हेडलॅम्प लावून दोन तास जिना चढा. शिखराची चढाई त्याच वेळी सुरू होते. त्या वेळी पोट काय स्वीकारतं, झोपेतून उठल्यावर पाय किती वेळाने चालायला लागतात, हे घरीच समजलेलं बरं.

सामान

बूट स्वतःचे घ्या आणि निदान दोन महिने वापरून मोकळे करा. अंगालगतचे थर्मल, हेडलॅम्प, अतिनील किरण अडवणारा गडद चष्मा, दोन जोड हातमोजे, हेही स्वतःचं हवं. मे महिन्यात नागपूरच्या दुकानांत गरम कपडे शोधावे लागतात, म्हणून ही खरेदी डिसेंबर-जानेवारीतच उरका. सुती बनियन आणि सुती मोजे घरी ठेवा, घामाने ओले झाले की वाळत नाहीत आणि अंग गारठतं.

बर्फाचे बूट, क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स, हार्नेस, हेल्मेट संस्था देते किंवा मनालीत भाड्याने मिळतं. ते मनालीतच अंगावर चढवून बघा. तेच बूट, तेच क्रॅम्पॉन, तोच हार्नेस, आणि सगळे पट्टे जाड हातमोजे घालून आवळून बघा. बुटावर हलणारा क्रॅम्पॉन वर चार हजार मीटरवर बदलून मिळत नाही.

खाऊमध्ये गूळ-शेंगदाण्याचे मऊ लाडू, खजूर, भाजलेले मुरमुरे. चिक्की थंडीत दगडासारखी होते, ती ठेवलीत तर खिशात अंगाच्या उबेत ठेवा. मोबाइल आणि बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.

वर गेल्यावर

पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब सखल भागाच्या जवळपास निम्म्यावर येतो. त्यामुळे थोडं डोकं दुखणं, भूक मंदावणं हे बहुतेकांना होतं. डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा आला की ती उंचीची बाधा समजायची, आणि बरं वाटेपर्यंत एक मीटरही वर जायचं नाही. खोकला वाढतोय, बसल्या जागी धाप लागतेय, तर फुप्फुसात पाणी भरत असू शकतं. बोलणं अडखळतंय, सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता येत नाही, तर मेंदूला सूज येत असू शकते. या दोन्हींत उपाय एकच, लगेच खाली उतरवणं, रात्र असली तरी. गोळ्या आणि ऑक्सिजन उतरताना मदत करतात, पण उतरणं टाळायला त्यांचा वापर करू नका.

ही लक्षणं स्वतःला कळत नाहीत, शेजारच्याला कळतात. म्हणून तंबूतल्या जोडीदाराशी पहिल्याच दिवशी ठरवा की रोज सकाळ-संध्याकाळ एकमेकांना विचारायचं, आणि लपवायचं नाही. "माझ्यामुळे सगळ्यांचं शिखर जाईल" या संकोचाने आपल्याकडची मुलं गप्प राहतात. त्रास संध्याकाळी सांगितला तर एक मदतनीस सोबत देऊन खाली पाठवता येतं. तोच पहाटे उतारावर कळला तर सगळी तुकडी अडकते.

शिखराची रात्र

रात्री एक-दोनच्या सुमारास निघतात, कारण थंडीने बर्फ कडक झालेला असतो आणि क्रॅम्पॉन पकडतात. सूर्य वर आला की तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत रुततात, दगड सुटतात आणि हिमस्खलनाचा धोका वाढतो. जूनमध्येही पहाटे पारा शून्याच्या बराच खाली असतो, वाऱ्यात बोटं बधिर होतात. बोटं आतल्या आत हलवत राहा. पाण्याची बाटली बॅगेत उलटी ठेवा, म्हणजे तोंडाशी बर्फ धरत नाही.

निघण्याआधी गाइडला सगळ्यांसमोर विचारा, "किती वाजता परतायचं?" दहा ठरले तर दहा, शिखर समोर दिसत असलं तरी. आदल्या एक-दोन दिवसांत जोराचा बर्फ पडला असेल आणि गाइड नाही म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडच्या द्रौपदी का डांडा-२ वर हिमस्खलन झालं. नेहरू इन्स्टिट्यूटचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक, २९ जण त्यात गेले. डोंगर जाणणारी माणसं होती ती. राखीव दिवस यासाठीच राखून ठेवलेला असतो.

चढताना बोलता येईल इतकाच वेग ठेवा. दर तासाला दोन घोट पाणी आणि एक घास, भूक नसली तरी. दोरावर असताना पुढच्याशी अंतर राखा, दोर बर्फावर लोळू देऊ नका आणि त्यावर क्रॅम्पॉन पडू देऊ नका. माथ्यावर पंधरा-वीस मिनिटं खूप झाली. फोटोसाठी हातमोजे काढले की लगेच घाला.

उतरताना जास्त सावध राहा. पाय थकलेले, बर्फ मऊ आणि मन शिखरावरच रेंगाळलेलं असतं. टाच रोवून, आइस अ‍ॅक्स चढाच्या बाजूच्या हातात धरून उतरा, आणि गाइडने सांगितल्याशिवाय बसून घसरत येऊ नका, विशेषतः क्रॅम्पॉन पायात असताना. दाते बर्फात अडकले की घोटा मोडतो. लेडी लेगला पोचेपर्यंत दहा-बारा तास झालेले असतात. गरम सूप प्या, ओले मोजे बदला आणि मगच झोपा.

मनालीला आल्यावर भाड्याचं सामान मोजून परत करा. स्वयंपाकी आणि ओझं वाहणाऱ्या मदतनिसांना त्यांची बक्षिसी स्वतःच्या हाताने द्या, त्यांच्या पाठीवरूनच तुमचा तंबू वर गेलेला असतो. आणि नागपूरला परतीचं आरक्षण करतानाच खालचा बर्थ मागून ठेवा, पहिले दोन दिवस गुडघे वर चढू देत नाहीत.